मान हलवून आलात, आता चिठ्ठ्या वाटा

पत्र

प्रिय ताई,

आमच्या वसाहतीत दीडशेच्या आसपास घरं आहेत. मागच्या बाजूला एक बंद पडलेली पाण्याची टाकी आहे. वर्षभरापासून संध्याकाळी तिथे मुलं जमतात. आधी सिगारेटची थोटकं दिसायची, मग गांजाचा वास यायला लागला, आता गोळ्यांची रिकामी पाकिटंही सापडतात. गेल्या महिन्यात पंधरा ते सतरा वयाची तीन मुलं गाड्यांच्या बॅटऱ्या काढताना सापडली. लोकांनी त्यांना मारलं. त्यातला एक माझ्या मुलीच्या वर्गात होता, लहानपणी आमच्याच घरी पडलेला असायचा. रविवारच्या बैठकीत चार गोष्टी जवळजवळ ठरल्या. मुलांना तुरुंग दाखवून आणायचा, पोलिस अधिकाऱ्यांचं व्याख्यान ठेवायचं, 'बिघडलेल्या' सगळ्या मुलांचं रोज संध्याकाळी शिबिर घ्यायचं आणि त्या तिघांना मैदान आणि वाचनालय बंद करायचं. मी कार्यवाह. सगळ्याला मान हलवून आले आणि तेव्हापासून झोप नाही. माझा धाकटा तेरा वर्षांचा आहे. आम्ही करतोय ते बरोबर आहे का? नाव छापू नका.

उत्तर

कार्यवाहबाई,

नाव नको म्हणालात म्हणून पदानेच हाक मारते. तुमची झोप उडाली ते बरं झालं. बैठकीत निदान एका माणसाला तरी शंका आली. ठरलेल्या चार गोष्टींपैकी एकही मी तुमच्या जागी असते तर पुढच्या इतिवृत्तात लिहू दिली नसती.

तुरुंगाच्या सहलीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त माना तिलाच हलल्या असणार. ही कल्पना जुनी आहे आणि तपासूनही झाली आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी वाह्यात मुलांना समोर बसवून त्यांच्या अंगावर ओरडायचे, आत काय काय होतं ते सांगायचे. पोरं रडकुंडीला आलेली बघून मोठ्यांना वाटायचं, काम झालं. मग संशोधकांनी सोपी गोष्ट केली. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना नेलं, काहींना नेलं नाही आणि नंतर दोन्ही गटांची नोंद ठेवली. असे बरेच प्रयोग झाले. ते सगळे एकत्र मांडल्यावर जे दिसलं ते कुणालाच नको होतं. जाऊन आलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. म्हणजे काहीच केलं नसतं तरी बरं झालं असतं. असं का होतं याबद्दल माझं मत असं, की चार मित्रांसमोर घाबरवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला परत आल्यावर पहिलं काम एकच असतं, आपण घाबरलो नव्हतो हे दाखवायचं.

व्याख्यानाबद्दल मी बोलते तेव्हा माझीच चूक आठवते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका शाळेत नशेवर बोलायला गेले होते. तेव्हा हौस दांडगी. रंगीत तक्ता केला होता. कुठला पदार्थ, दिसतो कसा, घेतल्यावर काय होतं, किती वेळात होतं, सगळं रकान्यांत. मुलं इतकी शांत बसली होती की मी मनातल्या मनात खूश. संपल्यावर पुढच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन आला. त्याने 'किती वेळात' हा रकाना उतरवून घेतला होता आणि त्यात एक ओळ सुटली होती. तेवढी सांगा म्हणाला. तो तक्ता मी घरी येऊन फाडला.

माझा तक्ता एकटीचा होता, पण मोठ्या प्रमाणावरही हेच घडलं आहे. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलिस वर्गावर येऊन नशेविरुद्ध धडे द्यायचे. शिक्षक खूश, पालक खूश, पोलिस खूश. देशभर पसरला, देशाबाहेरही गेला. पण धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची काही वर्षांनी तुलना केली तर नशेच्या बाबतीत फरक जवळजवळ शून्य. पुढे त्यांना अभ्यासक्रमच बदलावा लागला. तेव्हा अधिकारी सज्जन असतील तर त्यांना जरूर बोलवा, फक्त मुलांसमोर उभं करू नका. मोठ्यांच्या बैठकीत बसवा आणि विचारा, गोळ्या येतात कुठून.

आता शिबिर. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण ही सूचना ज्याने केली तो माणूस मनाने चांगला असणार. तुरुंग सुचवणाऱ्याला राग आलेला असतो, शिबिर सुचवणाऱ्याला कळवळा असतो. आणि कळवळ्याने केलेल्या कामाची तपासणी करायला कुणाचा हात धजत नाही.

१९३९ मध्ये बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांत ५०६ मुलगे निवडले गेले. सारख्या स्वभावाच्या, सारख्या घरच्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतला एक जण मदतीसाठी घेतला. घरी येणारा समुपदेशक, अभ्यासाला मदत, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं, वर्षानुवर्षं. काम १९४५ मध्ये संपलं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधक बाईंनी ही मुलं, म्हणजे आता प्रौढ झालेली माणसं, शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी पुष्कळांनी सांगितलं की आम्हाला खूप फायदा झाला. नोंदी मात्र उलटं सांगत होत्या. दारूचं व्यसन, मानसिक आजार, पुन्हा पुन्हा गुन्हे, लवकर मृत्यू, या सगळ्यात मदत मिळालेला गट मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट ठरला. पुढे आणखी खोदल्यावर दिसलं की हे नुकसान मुख्यतः एकाहून जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांच्या वाट्याला आलं होतं.

शिबिरात काय होत असेल ते तुम्हाला-मला कळायला संशोधन नको. पाच-सहा वांड पोरं एकत्र बसवली की संध्याकाळभर एकच चलन चालतं, कोणी काय केलं त्याचे किस्से. ज्याच्या किश्शाला हशा पडतो तो मोठा. शिकवणारा वर फळ्यावर काहीही लिहो, खाली वर्ग वेगळाच चालू असतो. तुमच्या शिबिरात एखादा फक्त सिगारेट ओढणारा चौदा वर्षांचा मुलगा येईल आणि महिनाभरात त्याला बॅटरी काढायची कशी आणि विकायची कुठे हे पाठ झालेलं असेल. टाकीवर जे चालतं तेच तुम्ही सभागृहात, पंख्याखाली, वर्गणी काढून चालवणार.

म्हणून नियम एवढाच, की ज्या मुलांचं पाऊल घसरलंय त्यांना एकमेकांत नाही, न घसरलेल्यांत मिसळा. पाच जणांचा वेगळा संघ करू नका. एक क्रिकेटमध्ये, एक वाचनालयाच्या कामात, एक सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांच्या हाताखाली. तेही जिथे एखादं मोठं माणूस उभं आहे अशा ठिकाणी. नुसतं 'मैदान दिलं, खेळा' म्हणून सोडून दिलं तर मैदानाचीही टाकी होते.

हा नियम पटला तर चौथी गोष्ट आपोआप उलटी दिसायला लागेल. त्या तिघांना मैदान बंद, वाचनालय बंद. मग संध्याकाळी सहा वाजता ते जाणार कुठे? त्यांच्यासाठी एकच दार उघडं ठेवलंय तुम्ही, टाकीचं. बॅटऱ्यांची भरपाई झाली पाहिजे, यात मला शंका नाही. ज्यांच्या गाड्या त्यांच्यासमोर बसून, आईवडिलांदेखत, मुलांनी किती द्यायचं, पैसे नसतील तर किती शनिवार काम करायचं, हे ठरवा. लिहून घ्या, तारीख घाला, आणि भरपाई पुरी झाली की विषय खरोखर संपवा. दोन वर्षांनी एखादी सायकल हरवली तर पहिलं बोट त्यांच्याकडेच दाखवायचं नाही. आणि हो, मारहाण. अल्पवयीन मुलांना जमावाने बडवणं हाही गुन्हाच आहे. इतिवृत्तात बॅटऱ्यांची चोरी लिहिली असेल तर त्याच्या खालच्या ओळीत हेही यायला हवं होतं. कार्यवाह तुम्ही आहात.

मग करायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. उत्तरासाठी मी तुम्हाला शिकागोला घेऊन जाते. तिथे १९९५ मध्ये संशोधकांनी ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ रहिवाशांना प्रश्न विचारले. प्रश्न साधे होते. मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी काही करतील का? भिंतीवर रंग फासत असतील तर? एखादं पोर मोठ्या माणसाला उलटून बोललं तर? आणि दुसऱ्या बाजूने, इथले लोक एकमेकांच्या मदतीला येतात का, त्यांच्यावर विश्वास टाकता येतो का? ज्या वस्त्यांत 'हो, शेजारी मध्ये पडतील' आणि 'हो, विश्वास आहे' अशी उत्तरं जास्त आली, तिथे हिंसाचार कमी होता. गरिबीचा हिशेब बाजूला काढल्यावरसुद्धा.

मध्ये पडणं म्हणजे मारणं नव्हे, हे आता वेगळं सांगायला नको. पण बघा, तुमच्या पत्रात 'टाकीवरची मुलं' हा शब्द तीन वेळा आलाय (छापताना पत्र लहान केलंय, म्हणून वाचकांना दिसणार नाही) आणि नाव एकाचंही नाही. नाव छापायचं नाही म्हणून तुम्ही टाळलं असेल. पण बैठकीत तरी किती जणांना माहीत होती?

पुढच्या रविवारी एवढंच करा. कुठलाही प्रस्ताव मांडायच्या आधी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी द्या. त्यावर लिहायला सांगा: आपल्या वसाहतीतल्या दहा ते अठरा वयाच्या मुलांची माहीत असतील तेवढी नावं, स्वतःची मुलं सोडून. नावापुढे, त्या मुलाशी मी शेवटचं कधी बोललो. पाच मिनिटं द्या. पहिल्या मिनिटात पेनं भराभर चालतील, दुसऱ्यात माना वर होतील. कुणीतरी शेजाऱ्याला विचारेल, 'तो उंच, चष्मेवाला, त्याचं नाव काय हो?' चिठ्ठ्या गोळा करून रात्री घरी सगळी नावं एका वहीत उतरवा. काही मुलांची नावं वीस-वीस वेळा येतील. काहींचं एकदाही येणार नाही. ती न आलेली नावं हे तुमचं खरं काम. दुसऱ्या बैठकीत त्यातलं एकेक नाव एकेका माणसाने उचलायचं. देखरेख करायची नाही, उपदेश नाही. जिन्यात भेटल्यावर नावाने हाक मारायची, परीक्षा कशी गेली विचारायचं, सहा महिने. एवढंच. हसू नका, यात लोकांची दमछाक होते.

'एवढ्याने नशा थांबते का?' असं कुणीतरी विचारेलच. एवढ्यानेच नाही थांबत. पण सगळी वस्ती मिळून, आधी नीट बघून मग ठरवलं तर फरक पडतो, याला पुरावा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटलानो यांनी 'कम्युनिटीज दॅट केअर' नावाची एक पद्धत बसवली. गावातली वजनदार माणसं, शिक्षक, पालक, पोलिस एकत्र येतात, मुलांनाच नाव न विचारता प्रश्नावली देतात, आपल्या गावात नेमकं काय बिघडलंय ते त्या उत्तरांवरून ठरवतात आणि आधी तपासून झालेल्या उपायांतलेच एक-दोन निवडतात. २००३ पासून ७ राज्यांतल्या २४ गावांत हे चिठ्ठ्या टाकून तपासलं, १२ गावांत केलं, १२ गावांत नाही. आठवीपर्यंत, पद्धत राबवलेल्या गावांतल्या मुलांमध्ये दारूला पहिल्यांदा हात लावण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी, सिगारेटचं ३३ टक्क्यांनी आणि गुन्ह्यांकडे वळण्याचं २५ टक्क्यांनी कमी निघालं.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती तुमच्या कामाची आहे. हा फायदा मुख्यतः सुरुवातच न करणाऱ्या मुलांचा. तीच मुलं बारावीत गेल्यावर पाहिलं, तर कधीच हात न लावलेल्यांची संख्या या गावांत जास्त होती, पण गेल्या महिन्यात घेतली का, गेल्या वर्षात घेतली का, यात दोन्हीकडे फरक नव्हता. म्हणजे तुमच्यासमोर दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या धाकट्याच्या वयाच्या मुलांनी सुरू करू नये हे वसाहतीचं काम. ज्यांनी सुरू केलंय, विशेषतः गोळ्या, त्यांच्यासाठी डॉक्टर लागतात. कुणा बापाला सुचेल की पोराला खोलीत कोंडू, आपोआप सुटेल. तसं करू देऊ नका. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या आणि दारू, सवय झालेल्या शरीराला अचानक तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आणि टाकीवर कुणी बेशुद्ध सापडला तर कुशीवर वळवा, एकटा सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. बरोबरच्या मुलांना आजच सांगून ठेवा की अशा वेळी मदतीला हाक मारणाऱ्याला वसाहत शिक्षा करणार नाही. हे वाक्य बैठकीत मंजूर करून घ्या. बाकी काही मंजूर नाही झालं तरी हे करा.

दुसरं उदाहरण आइसलँडचं. १९९८ मध्ये तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं म्हणत होती की गेल्या महिन्यात आम्ही दारू पिऊन झिंगलो. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. ही काही चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय एकाच गोष्टीला देऊ नये. पण केलं काय ते ऐका. खेळ, संगीत, नाच यांच्या वर्गांसाठी सरकारने पैसे घातले. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहायचं नाही असा कायदा केला. आणि पालकांनी एकमेकांशी लेखी करार केले: मुलांच्या पार्ट्या मोठ्यांशिवाय होऊ देणार नाही, अल्पवयीनांसाठी दारू विकत घेणार नाही, दुसऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवीन. संध्याकाळी पालक जोडीजोडीने फेरी मारायला निघायचे.

मला त्यातला करार आवडतो, कारण 'सगळ्यांना जाऊ देतात, मलाच नाही' हे मुलांचं हुकमी वाक्य त्याने निकालात निघतं. तुमच्याकडे दीडशे नाही, वीस घरांनी जरी एकच वेळ ठरवली तरी चालेल. कराराला दोन ओळी माझ्याकडून जोडा. घरातल्या झोपेच्या आणि दुखण्याच्या उरलेल्या गोळ्या मोजून कुलपात. आणि मुलाला सिगारेट आणायला पाठवायचं नाही. पाकिटं सापडली म्हणता ना? त्यांवरची नावं वाचलीत का? बऱ्याचदा ती आजोबांच्या कपाटातूनच आलेली असतात.

कॅमेऱ्याचा विषय निघेलच. लावा, माझा विरोध नाही. मुलं कॅमेऱ्याच्या मागे जाऊन बसतील एवढंच. त्यापेक्षा टाकीपाशी दिवा लावा आणि संध्याकाळी फिरणाऱ्यांनी वाट बदलून तिकडून जायला लागा.

धाकट्याबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलं नाहीत, पण पत्र त्याच्यासाठीच आहे. त्याला टाकीवर जाऊ नको म्हणा, कारणासकट म्हणा, आणि त्याच्या चार मित्रांच्या आयांचे नंबर तुमच्याकडे असू द्यात. त्याला एवढंही सांगा की कधी कुठे अडकलास तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी येईन, आणि त्या रात्री काही विचारणार नाही. सकाळी विचारीन.

राहिला तुमच्या मुलीच्या वर्गातला तो मुलगा, तुमच्या घरी पडलेला असायचा तो. तुम्ही पत्रात त्याला एकच वाक्य दिलंत, पण मला वाटतं झोप त्याच्यामुळे उडाली आहे. बैठकीच्या आधी त्याच्याकडे जा. आधी त्याच्या आईला फोन करा, ती शरमेने दार उघडायला कचरत असेल. समितीचं कुणी बरोबर नेऊ नका, वहीसुद्धा नको. 'काय रे, लागलं का फार?' इथून सुरुवात करा. बॅटऱ्यांचं तो काढेल तेव्हा बोला. नाही काढला तर पुन्हा गुरुवारी जा. आणि जाताना वाचनालयाची किल्ली न्या. दर शनिवारी पुस्तकं लावायला तुम्हाला एक माणूस हवाच आहे, असं तुमच्याच पत्राच्या मागच्या पानावर लिहिलंय.